रातांब्याचे सरबत

आंब्याच्या कीर्तीमुळे आमच्या रत्नागिरीतील एका गुणी फळाची नेहमी उपेक्षा होते. ते फळ म्हणजे रातांबा. एप्रिल-मे महिन्यांत तो पिकून लालजांभळा होतो आणि आमच्या मांडवीत अंगणोअंगणी बरण्या उन्हास बसतात. काळ्या समुद्रावर फिरून आलेल्या पाहुण्यास आम्ही चहाऐवजी याच सरबताचा पेला देतो.

कृती सोपी, परंतु काटेकोर आहे. पिकलेली फळे धुऊन, कोरडी पुसून त्यांचे दोन भाग करावेत. बिया व गर काढून सालीच्या वाट्यांत साखर भरावी आणि त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थरावर थर रचाव्यात. सालीच्या वजनाच्या सुमारे दुप्पट साखर लागते. तोंडास स्वच्छ फडके बांधून बरणी आठ दिवस उन्हात ठेवावी व कोरड्या लाकडी पळीने रोज ढवळावी. चूल पेटवावी लागत नाही आणि पाण्याचा थेंबही पडू द्यावयाचा नाही. साखर सालीतील रस बाहेर ओढून घेते, व त्या दाट पाकात जंतूंस वाढण्यापुरते मोकळे पाणी उरत नाही. म्हणूनच सरबत पुष्कळ दिवस टिकते. परासरण शिकविताना आम्ही वर्गात हाच दाखला देतो. शेवटी रस गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड व मीठ घालावे. एका भागास पाच-सहा भाग पाणी पुरे होते. बियाही वाया जात नाहीत. त्यांचे कोकमेल भेगाळलेल्या टाचांस लावतात.

परंतु या सर्व उद्योगाचा खरा धनी सूर्य होय. सन २०२५ मध्ये मोसमी पावसाने फार घाई केली. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोचणारा हा पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच तेथे दाखल झाला. कोकणात तर त्याआधीच सरी कोसळत होत्या. आमच्या शेजारच्या वहिनी सरबत विकून मुलाच्या वह्या-पुस्तकांची तजवीज करतात. साखर उधारीवर आणलेली, फळे फोडलेली, आणि आभाळ भरून आलेले! त्यांनी रडत न बसता भरलेल्या बरण्या घरात घेतल्या आणि उरलेल्या साली मिठात घालून त्यांचे आगळ केले. सोलकढीसाठी त्यास गिऱ्हाईक मिळाले. नफा थोडा झाला, पण उधारी फिटली व वह्याही आल्या.

तेव्हापासून घरगुती सरबताच्या बाटलीची किंमत ऐकून घासाघीस करणारे लोक आम्हांस रुचत नाहीत. त्या बाटलीत साखर व रस यांखेरीज आठ दिवसांची राखण आणि आभाळाची धास्तीही असते. विद्यार्थीमित्रहो, येत्या सुटीत एक बरणी स्वतः भरून पाहा. आठ दिवस ती न विसरता ढवळलीत, म्हणजे शेजारणीच्या कष्टांचे मोल तुम्हांस कोणी निराळे शिकवावे लागणार नाही.