कमरेइतकी वाळू

वाळूत बुडणाऱ्या खलनायकाविषयी मला नेहमीच कृतज्ञता वाटत आली आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला दुष्टाचा निकाल लावणे फार जड जाते. फाशी द्यावी तर कोर्टकचेरी आली, विष घालावे तर पोलीस आले. वाळू मात्र पंचनामा मागत नाही! आधी छाती, मग हात, मग वर उरलेली टोपी, संपले प्रकरण. दुष्टच कशाला? १९६२ सालच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त दाऊद नावाचा गरीब पोरगाही सिनाईच्या वाळवंटात असाच गडप होतो.

परवा सात रस्त्यावर बसची वाट पाहत उभा होतो, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला गाठले. आदल्या रात्री त्याने असलाच एक साहसपट पाहिला होता.

"सर, वाळू माणसाला खरंच गिळते का हो?"

मी म्हटले, "अरे, पोत्यातली ज्वारी पाहिली आहेस ना? दाण्यावर दाणा टेकलेला असतो. वाळूचेही तसेच, म्हणून आपण तिच्यावरून चालतो. पण खालून पाण्याचा रेटा आला, की कण एकमेकांपासून सुटतात आणि वाळूचे पिठले होते. त्यात पाय रुततो. पण किती? आपले अंग साधारण पाण्याइतकेच जड, आणि ती ओली वाळू त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे माणूस बुडून बुडून कमरेपर्यंत!"

२००५ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या घनतेचे ॲल्युमिनियमचे मणी अशा वाळूवर ठेवून पाहिले. कितीही हादरे दिले तरी ते पुरते बुडाले नाहीत. मात्र रुतलेला पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या गतीने ओढून काढायचा, तर एखादी मध्यम मोटार उचलण्याइतका जोर लागतो! तेव्हा चित्रपटातले बुडणे जितके खोटे, तितकेच नायकाने एका हिसक्यात ओढून काढणेही खोटे. खरा उपाय अगदीच नीरस: मागे रेलावे, पाय हळूहळू हलवावेत, कणांत पाणी शिरू द्यावे.

"म्हणजे मरत नाही!" पोरगा हिरमुसला. "आम्ही आजीबरोबर पंढरपूरला जाणार आहोत. मला वाटलं, चंद्रभागेत तसली वाळू असेल."

माझे हसू मात्र मावळले. चंद्रभागेच्या पात्रात भय आहे, पण ते वाळूचे नव्हे. उपसून नेलेल्या वाळूचे. तिच्या जागी खड्डे राहतात, वर पाणी सारखेच चमकते, आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल पुरुषभर खोलात पडते. त्यात उजनीचे पाणी सोडले, की नदी चढते. मी त्याला बजावले, "आजीचा हात सोडू नकोस. होडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस."

विठोबाने कमरेवर हात ठेवले, ते भवसागर भक्ताला एवढाच खोल आहे हे दाखवायला, असे जुनी माणसे सांगतात. वाळूही बिचारी तेच सांगते. ती जिथे आहे तिथे माणसाला कमरेशी धरून ठेवते. जिथून ती नेली, तिथे तो बुडतो.

माझ्या नव्या कादंबरीतला खलनायक वाळूत बुडणार नाही. तो वाळू विकणार आहे.