येणे बाकी

महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना २३ जानेवारी २०२५ पासून नाशिकला होणार, ही बातमी मी सकाळच्या वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचली. सौ. मटार सोलीत होती. मान वर न करताच तिने विचारले, "मग या खेपेला तरी नेणार का?"

आम्ही दोघेही नाशिकचे. तिचे माहेर रविवार कारंज्यालगतचे. खाली दुकान, वर घर. तिचे भाऊ क्रिकेट पाहायला गोल्फ क्लबवर जात. मुलीने मैदानावर जाण्याची रीत तेव्हा त्या घरात नव्हती. ती रेडिओवरचे समालोचन ऐके आणि जुन्या रोकडवहीच्या कोऱ्या पानांवर धावफलक मांडी. लग्नानंतर तिने मला ती वही दाखवली. मी म्हणालो, "एकदा तुला मैदानावरच घेऊन जाईन."

पुढे बदल्या, मुलांच्या शाळा, आईचे आजारपण आणि निवृत्तीनंतर पुण्याचा फ्लॅट. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते, हे मी ग्राहकांना आयुष्यभर समजावत आलो. घरातले हे खाते अडतीस वर्षे थकले होते आणि धनको एका शब्दाने तगादा करीत नव्हती.

दुसरीही एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी मेव्हण्यांनी दुकान बंद केले आणि घर विकले. निर्णय व्यवहाराला धरूनच होता. पण तेव्हापासून नाशिकचा विषय निघाला की सौ. म्हणे, "आता जायचे कोणाकडे?"

आम्ही पहिल्या दिवसाचा खेळ पाहायला गेलो. मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळी झाडणारे ते कान्हेरे. जुने नाशिककर मात्र अजून 'गोल्फ क्लब'च म्हणतात. हवेत गारठा होता. डब्यात खाकरे आणि मेथीचे ठेपले होते. ऋतुराज गायकवाडला पाहायला शाळकरी मुलांनी गर्दी केली होती. महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली तशी सौ.ने पिशवीतून नवी वही आणि टोक केलेली पेन्सिल काढली.

एक षटक निर्धाव गेले. तिने सहा टिंबे मांडली आणि म्हणाली, "रेडिओवर हे नुसते दोन शब्द असायचे. सहा चेंडूंत एवढे काही घडते, हे आज कळले." एक चेंडू सोडून दिलेला, एक पॅडवर आदळलेला, एकावर यष्टीरक्षकाने केलेला पुकारा, प्रत्येक टिंबाला आता चेहरा होता.

जेवणाच्या सुट्टीत तिला वडिलांची आठवण झाली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. सासरे ही हकीकत गल्ल्यावर बसून पुन्हा पुन्हा सांगत आणि शेवटी म्हणत, "समोरच्याने दुकान बंद केले, म्हणून आपली जमा कमी होत नाही." हे सांगताना सौ. क्षणभर थांबली. स्वतःच्या माहेरचे बंद दुकान तिच्याही डोळ्यांपुढे आले असावे.

दुपारी शेजारच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थाने तिची वही पाहून कौतुकाने विचारले, "कुठल्या तुम्ही?" इतकी वर्षे या प्रश्नावर ती 'पुण्याच्या' म्हणत आली आहे. त्या दिवशी म्हणाली, "इथलीच. रविवार कारंज्याची."

खेळ संपला तेव्हा ऊन अजून होते. परतीची गाडी धरायची म्हणून मी घाई करू लागलो. पण तिने रिक्षा कारंज्याकडे घ्यायला सांगितली. जुन्या घराच्या दारात नवी पाटी होती. ती समोरच्या फुटपाथवर मिनिटभर उभी राहिली. डोळे कोरडे होते. "चला," ती म्हणाली, "पाहून झाले."

महाराष्ट्राने तो सामना ४३९ धावांनी जिंकला, हे आम्हाला पुण्यात कळले. तिने तो आकडा वहीत शाईने लिहिला. उरलेली पाने कोरी आहेत. मी विचारले, "आता माझे खाते बंद ना?"

"मुद्दल फिटली," ती म्हणाली. "अडतीस वर्षांचे व्याज बाकी आहे. नाशिकला पुढचा सामना कधी आहे, ते पाहा."