कुलोंब, इंच आणि एक ब्रास वाळू

गेल्या महिन्यात मी कोडच्या एका ओळीत असा घोळ घातला की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. आज रविवार आहे, चहाही झालाय. लिहूनच टाकतो.

आमची टीम एका सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर काम करते. सायलोत पीठ, साखर, प्लॅस्टिकची भुकटी असं काही भरताना घर्षणाने त्यावर स्थिर विद्युतभार जमतो. त्यातून ठिणगी पडायची भीती आहे का, हे ते सॉफ्टवेअर सांगतं. त्यासाठी व्हॉल्यूम चार्ज डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटरमध्ये किती कुलोंब भार आहे, हा आकडा लागतो. पण क्लायंट पडला अमेरिकेतला. त्याचं सगळं इंचात! तर कुलोंब प्रति घन इंचाचं कुलोंब प्रति घनमीटर करायचं काम माझ्याकडे आलं.

गंमत म्हणजे विद्युतभाराला पाउंड-फूटवाल्यांकडे रोजच्या वापरातलं वेगळं मापच नाही. तेही कुलोंबच वापरतात. म्हणजे वर कुलोंब, खाली घन इंच. अंगात कोट आणि खाली धोतर! म्हटलं सोपं आहे, बदलायची ती फक्त लांबी. १९५९ च्या करारापासून एक इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेंटीमीटर, म्हणजे मीटरमध्ये ३९.३७ इंच. टेबलमध्ये तीन ओळी होत्या: भार प्रति लांबी, प्रति क्षेत्रफळ आणि प्रति घनफळ. पहिल्या ओळीत ३९.३७ टाकलं आणि पुढे... कॉपी, पेस्ट, पेस्ट.

हुशार वाचकांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. क्षेत्रफळाला ३९.३७ चा वर्ग हवा, म्हणजे १५५०. घनफळाला घन हवा, म्हणजे ६१,०२३.७. हे मला येत नव्हतं असं नाही हो. आठवीतलं गणित आहे. फक्त त्या क्षणी डोकं जागेवर नव्हतं.

बरं, टेस्टही लिहिल्या होत्या. इंचातून मीटरमध्ये न्यायचं, परत इंचात आणायचं, आकडा तोच आला की पास. सगळं हिरवंगार! चुकीच्या आकड्याने गुणून त्याच चुकीच्या आकड्याने भागलं तर दुसरं काय होणार?

आता याचा परिणाम बघा. ३ मीटर व्यासाचा उंच गोल सायलो घ्या, भार आत सगळीकडे सारखा पसरलेला. घनता ०.५८ नॅनोकुलोंब प्रति घन इंच. म्हणजे प्रति घनमीटर सुमारे ३५ मायक्रोकुलोंब. एवढ्याने भिंतीपाशी विद्युत क्षेत्र जातं ३० लाख व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास, म्हणजे जिथे साध्या हवेत ठिणगी पडते तिथवर. माझं कोड सांगत होतं, दोन हजारांहूनही कमी. सगळं सुरक्षित आहे, खुशाल भुकटी भरा!

रिलीजला दोन दिवस असताना आमच्या टेस्टरने एक उदाहरण कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. माझ्या डेस्कशी येऊन म्हणाली, "काय रे, तुझ्या घनमीटरमध्ये ३९ च घन इंच मावतात का?" मी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

असल्या चुका मोठ्यांच्याही होतात म्हणा. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना लिटरचं वजन काढायला ०.८ च्या जागी १.७७ वापरलं. पहिला आकडा किलोचा, दुसरा पाउंडाचा. विमानात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी भरलं आणि ४१,००० फुटांवर ते संपत आलं. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांची हयात बांधकामाच्या साइटवर गेली. ते म्हणाले, "अरे, एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट. घनमीटरमध्ये २.८३. तुझ्यासारखं शंभराला नुसतं ३.२८ ने भागून कुणी तीस घनमीटर म्हणाला असता, तर आम्ही ट्रककडे बघूनच हसलो असतो."

मुद्दा तोच आहे. बाबांच्या समोर ट्रक उभा असायचा. नॅनोकुलोंबांचा ट्रक कुणी पाहिलाय? आकडा चुकला तरी स्क्रीनवर तो बरोबर आकड्याइतकाच रुबाबदार दिसतो. म्हणून आता प्रत्येक एककासाठी कागदावर हाताने काढलेलं एक उत्तर टेस्टमध्ये टाकतो: १ कुलोंब प्रति घन इंच म्हणजे ६१,०२३.७ कुलोंब प्रति घनमीटर. ते कोडमधून काढायचं नाही, कोडला त्याच्याशी ताडून बघायचं. त्या ओळीवर कॉमेंट लिहिलीय: "आधी ट्रककडे बघ."

टीममधले विचारतात, कसला ट्रक? असो. टेस्टरला मिसळ खिलवायची राहिलीय, आज तेवढं उरकतो.