फाट्यावरची प्रवरा

नेवासा फाट्यावर उतरलं की नेवासा दिसत नाही. गाव आत, प्रवरेच्या काठाला, ज्ञानोबांच्या खांबाला धरून बसलेलं. फाट्यावर असते ती नगर-संभाजीनगर रस्त्याची धूळ, उसाच्या ट्रॉल्या, पंक्चरवाले आणि जरा मागच्या अंगाला एक ढाबा, त्यालाच चिकटून परमिट रूम. पाटीवर ‘फॅमिली सेक्शन’ लिहिलंय. फॅमिली मी तिथं एकदाच पाहिली, तीही चुकून शिरलेली.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्चचं ऊन होतं. आतेभावानं मोटारसायकलवरून नेलं. तो माळकरी. आत पाऊल टाकत नाही; बाहेर लिंबाखाली बाजेवर चहा घेत बसतो. “होऊ द्या दादा, मी हाये इथं,” असं इतक्या प्रेमानं म्हणतो की दुसरी बाटली मागवायची मलाच चोरी होते.

पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून माझ्या मित्रमंडळींना ‘लोकल’ बिअरचा नाद लागला. जिथं मुरते तिथंच प्यायची, काचेपलीकडच्या टाक्या न्याहाळत, गव्हाची की जवाची यावर वाद घालत. त्याच सवयीनं मी इथं पोऱ्याला विचारलं, “कुठली आहे?” तो म्हणाला, “गार आहे.” एवढ्या उन्हात याहून मुद्द्याचं उत्तर नव्हतं.

मग बाजरीची भाकरी आली, काळ्या मसाल्याचं मटण आलं, हातानं फोडलेला कांदा. इथला रस्सा आधी गोड वाटतो आणि घास गिळल्यावर कानामागून तापतो. मासा हवा असेल तर सकाळी सांगून ठेवायचं. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यातली मरळ मिळाली तर मिळते. त्या दिवशी मिळाली. काटे काढता काढता ग्लासातली बिअर कोमट झाली, तरी तक्रार करावीशी वाटली नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो नेमका आषाढीला. शटर अर्धं खाली, कोरडा दिवस. पोऱ्यानं भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. आतेभाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यासमोर, आत, टेबलावर बसला आणि मिटक्या मारत जेवला. तिथून तो मला गावात घेऊन गेला. ज्या खांबाला टेकून 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याला हात लावला आणि मग मोहिनीराजाच्या देवळात गेलो. इथली कथा अशी, की देव-दानवांना पंगतीला बसवून विष्णूनं मोहिनीच्या रूपात अमृत वाढलं ते याच गावी. राहू देवांच्या रांगेत घुसला, घोट घेतला आणि मुंडकं गमावून बसला. शिर पडलं राहुरीला, काया पडली कायगावला. परमिटाशिवाय प्यायल्याची एवढी कडक शिक्षा पुढे कुणाला झाली नाही. महाराष्ट्रात अजूनही कायद्यानं परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. तो मागताना मात्र मी कुणाला पाहिलेलं नाही.

अमृताचा पुरावा मागू नये. द्राक्षाच्या दारूचा मात्र आहे. 1954 ते 56 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी इथली लाडमोड टेकडी खणली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबरोबरच वरच्या, सातवाहनांच्या थरात दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. भूमध्य समुद्राकडून गलबतानं किनाऱ्याला, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून ते इथवर आले. म्हणजे परदेशी माल नेवाशाला नवा नाही. त्या काळीही कुणीतरी “कुठली आहे?” विचारलं असेल.

डिसेंबरात तिसऱ्यांदा बसलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. ग्लास भरून झाल्यावर रिकामपणी लेबल वाचत होतो. बारीक अक्षरात पत्ता: वाळूज, तालुका गंगापूर. म्हणजे इथून तासाभराच्या आतलं गाव. वाळूजच्या कारखान्यांना पाणी जायकवाडीचं. 2016 च्या दुष्काळात याच पाण्यावरून खटला झाला होता आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू-बिअर कारखान्यांचं पाणी आधी 50, मग 60 टक्क्यांनी तोडलं होतं. आणि जायकवाडीत येतं ते कुठून? गोदावरीतून, आणि प्रवरासंगमाला तिला मिळणाऱ्या आपल्या या प्रवरेतून. गावाखालून गेलेलं पाणी धरणात साठून, कारखान्यात शिरून, बुडबुडे घेऊन पुन्हा फाट्यावर आलेलं. पुण्याच्या मित्रांना याहून लोकल काय दाखवू!

शोध लागल्याच्या आनंदात मी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली, परत ठेवली.

“आमचं आठ एकर हाये त्या पाण्याखाली,” म्हणाले. मग आत तोंड करून पोऱ्याला हाक मारली, “सायबांना काकडी दे रे, मीठ लावून.”