ड्रायव्हरची दुरुस्ती

ड्रायव्हर म्हटलं की आमच्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला एस.टी.च आठवते. एरंडोल-पारोळ्यावरून खडखडत येणारी, आणि तिच्या चाकाशी बसलेला तो स्थितप्रज्ञ. त्यामुळं धुळ्याचा आमचा भाचा, "मामा, बिघाड ड्रायव्हरमध्येच आहे, दुरुस्त करू का?" असं म्हणाला, तेव्हा मी, "आधी डेपो मॅनेजरला विचार," असा सल्ला दिला.

हा ड्रायव्हर संगणकातला निघाला. यंत्राची भाषा एक, संगणकाची दुसरी. मधला दुभाष्या तो ड्रायव्हर. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्स सुरू केलं. त्याच्या गाभ्यातला निम्म्याहून अधिक मजकूर या दुभाष्यांचाच आहे, आणि तो सगळा उघडा. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पैसे पडत नाहीत म्हणून भाच्यानं ते रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडं बसवलं आणि काट्याची वायर संगणकाला जोडली. काटा दाखवी १८ किलो. बिलात मधूनच ८! पहिला आकडा वाटेत सांडायचा. शेतकरी म्हणाला, "माल मना, काटा तुना, मंग दहा किलो कोनं?"

प्रश्न बिनतोड होता. भाच्यानं तीन रात्री जागून शोधलं. वायरीतली चीप नकली. हुकूम मिळाल्यावर तिला जरा दम खावा लागतो, आणि ड्रायव्हर तेवढा धीर धरत नाही. उपाय एका ओळीचा : थांब.

"नवी वायर घे की," मी म्हणालो.

"आणि बाकीच्यांच्या काट्यांचं काय, मामा?"

आपल्यापुरती दुरुस्ती करावी, तर लिनक्सची नवी आवृत्ती आली की ती पुन्हा करायची. म्हणजे दर पावसाळ्याला घर शाकारणं आलं. मूळ ठिकाणी पाठवावी, तर अस्सल चिपांनाही उगाच ताटकळावं लागणार, आणि तिकडं ब्राझीलमध्ये कुणाचं तरी सुरळीत यंत्र अडायचं. काल चालत होतं ते आज बंद पडता कामा नये, हा त्या मंडळींचा कडक दंडक.

शिवाय, नकलीची सोय आपण का बघावी? २०१४ साली एफटीडीआय कंपनीच्या विंडोजवरच्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला. ज्यांच्या यंत्रात त्या होत्या, त्या बिचाऱ्यांतल्या कित्येकांना त्या नकली आहेत याचा पत्ताही नव्हता! लिनक्सवाल्यांनी पुढं तो शून्यही ओळखून घ्यायची सोय केली. मला तरी हे बरं वाटलं. केळी पिकवणाऱ्यानं चिपेचं गोत्र कशाला तपासायचं?

दुरुस्तीखाली नावानिशी सही करावी लागते. हे देण्याचा मला हक्क आहे, एवढाच तिचा अर्थ. रीत २००४ पासूनची. हमी कसलीच नाही, असं परवान्यातच लिहिलेलं. तरी सही म्हटल्यावर सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून बुडालेले आमचे झाडून सगळे काके-मामे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

भाच्यानं घाई केली नाही. आधी नकली चीप ओळखायची खूण शोधली आणि फक्त तिच्यापुरतंच थांबणं लिहिलं. जळगावहून दोन अस्सल वायरी मागवून त्यांच्यावर तपासलं. तोवर व्यापाऱ्याकडचा पोऱ्या काट्यावरचा आकडा पेन्सिलीनं वहीत उतरवून घेत होता, आणि शेतकरी त्याच्या खांद्यावरून वहीत डोकावत होता. मग एकदाची सही झाली.

उत्तर आलंय. बदल पटला, पण ओळींच्या सुरुवातीला मोकळ्या जागा सोडल्यात, तिथं टॅब हवा! आमच्या मास्तरांनी समास चुकला म्हणून वही खिडकीबाहेर भिरकावली होती. त्या मानानं मंडळी फारच सभ्य. भाचा सध्या टॅब घालतोय.