धूर कुठून जायचा

कड्यावरच्या गणपतीला सकाळी चढून गेलेल्या आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, वरून आंजर्लं कसं दिसायचं. घरं दिसायचीच नाहीत. खाली नारळी-पोफळींच्या शेंड्यांची दाटी, लांब सुवर्णदुर्ग, आणि शेंड्यांमधून ठिकठिकाणी वर येणारा निळसर धूर. कुणाकडे पाणी तापतंय आणि कुणाकडे अजून निजानीज आहे, हे आम्ही भावंडं त्यावरून ओळखायचो. निदान तसा आव आणायचो.

आमच्याकडे धुराडं नव्हतं. स्वयंपाकघरावर माळा घालत नसत. धूर थेट वाशांपर्यंत चढे आणि कौलांच्या सांध्यांतून झिरपत बाहेर पडे. बाझल मिशनने 1865 साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर ही चपटी कौलं किनारपट्टीभर पसरली. त्याआधीच्या नळीच्या कौलांतून धूर, वारा, पाऊस सगळेच मोकळेपणी ये-जा करत म्हणे. चूल घराच्या मागच्या अंगाला, आग्नेयेला. शास्त्र म्हणून सांगत, पण आमच्या घरात त्यात हिशेबही होता: दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, तेव्हा धूर माजघरात न शिरता मागच्या वाडीकडे जाई.

धुराला कामंही होती. आगोटीच्या आधी भरून ठेवलेली लाकडं श्रावणापर्यंत दमट होत, ती चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर सुकत. आमसुलांना बुरशी धरू नये म्हणून त्यांची बरणी चुलीमागच्या कोनाड्यात. बियाण्याचे दोडके, भोपळे वाशाला टांगलेले, काळे ठिक्कर. वासे-रिपांवर काजळीचा थर असे, त्याला वाळवी शिवत नसे. दापोलीहून गॅस येऊ लागला, चूल थंडावली, आणि काही वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराचाच वासा भुसभुशीत निघाला, तेव्हा घरातले पुरुष धुराचे गुण गाऊ लागले.

पुरुषच गाऊ लागले, हे मुद्दाम लिहितो. आम्हा मुलांनाही तो धूर मऊभाताच्या वासासकट आठवतो, कारण आम्ही पडवीत बसून मऊभात खायचो. भिजलेली झावळी फुंकणीने पेटवत, डोळे पुसत, खोकत चुलीपुढे बसलेली असायची ती काकू. तिच्या डोळ्यांना बारा महिने पाणी. घरात कुणी आजारी पडलं की वैद्य-डॉक्टर होई, पण चुलीच्या खोकल्याला औषध मागायची रीत नव्हती. सरकारची निर्धूर चूल आली तेव्हा आमच्याकडेही ती बसवली. तिचा पाइप काजळीने तुंबला, तो साफ करायचं काम कुणाचं हे ठरलं नाही, आणि तिच्यावर पुढे मांजर झोपू लागलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. त्यानंतर घर नव्याने बांधायचं ठरलं ते स्लॅबचंच. आणि नकाशा पाहताना पहिल्यांदा लक्षात आलं की या घराला धूर जायला वाटच नाही.

मग ग्रुपवर चिमणीची चर्चा सुरू झाली, ती पाऊसभर चालली. पुण्याच्या वहिनीने डक्ट नसलेली, कोळशाच्या फिल्टरची सुचवली. ती वास थोडा शोषते, पण वाफ आणि उष्णता परत घरातच सोडते; भिंतींना आधीच ओल धरणाऱ्या गावात ती कशाला? दादाला आकड्यांची भूल पडली. बाराशे, चौदाशे घनमीटर ताशी. आमचं स्वयंपाकघर सगळं मिळून चौतीस-पस्तीस घनमीटरचं. शिवाय डब्यावरचा आकडा पाइप जोडण्याआधीचा असतो. पाइपाला दोन कोपरे दिले की ओढ उतरते. त्यापेक्षा पाइप सहा इंची, ताठ, आखूड आणि सरळ हवा. चिमणी शेगडीहून थोडी रुंद, बर्नरपासून पाऊण मीटरच्या आत, आणि बांगडे तळताना पंखा बंद, नाहीतर धूर तिच्याखाली थांबतच नाही. फिल्टर बारीक जाळीचा नको, पन्हळ्यांचा हवा. फोडणीच्या तेलाने जाळी आठवड्यात चिकटते. खाऱ्या हवेत रंगवलेला पत्रा टिकत नाही, म्हणून स्टेनलेस स्टील. पाइपाचं तोंड पूर्वेला, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, वर झडप आणि गांधीलमाश्यांसाठी जाळी. पश्चिमेला ठेवलं असतं तर आषाढातल्या वाऱ्याने सगळा धूर परत आणून दिला असता.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहे. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढून झालेत. तिने दोनच प्रश्न विचारले. “लाइट गेली की काय?” आणि, “सगळी हवा बाहेर ओढणार, तर आत कुठून येणार रे?” दुसरा प्रश्न दुकानदाराने आम्हाला विचारायला हवा होता. खिडक्या गच्च लावून चिमणी चालवली तर ती नुसती घरघरते, हे तिला न वाचता कळलं होतं.

तिने गवंड्याला परस्पर बोलावून ओट्यासमोरच्या भिंतीत खाली एक आणि छताला लागून एक, असे जांभ्याचे दोन जाळीदार झरोके ठेवून घेतले. वरचा झरोका दादाला खटकतो. चिमणीवर एवढे पैसे घातल्यावर भिंतीला भोक कशाला, असं त्याचं म्हणणं. तो मुंबईहून आला की त्यावर पुठ्ठा लावतो, आणि तो गेला की काकू तो काढायला लावते.