न्यूइंग्टनचे बिनतारी केंद्र

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड शहराच्या दक्षिणेस अगदी जवळ न्यूइंग्टन हे गाव आहे. प्रवाशाने वाट वाकडी करून जावे असे तेथे फारसे काही नाही. आम्ही गेलो ते विटांच्या एका लहानशा इमारतीसाठी. हौशी रेडिओवाल्यांची ती पंढरीच म्हणावयाची. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी 1914 साली क्लॅरेन्स टस्का यांच्या साहाय्याने 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' स्थापिली. मशिनगन काढणारे मॅक्झिम हे त्यांचे वडील. चिरंजीवांनी आधी बंदुकीचा आवाज दाबणारे साधन काढले आणि पुढे माणसाचा शब्द दूरवर पोहोचविण्याच्या नादी लागले! 1936 च्या प्रारंभी ते निवर्तले. त्याच वर्षीच्या महापुराने हार्टफर्डचे केंद्र बुडविले. 1938 साली ही नवी वास्तू उभी राहिली आणि तिला मॅक्झिम यांचेच संकेतनाम, 'डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू', मिळाले.

परवानाधारक पाहुण्यास येथे यंत्रावर बसता येते. आम्ही परवान्यावाचून नुसते पाहत राहिलो. पण आमचे लक्ष यंत्रांहून अधिक वेधले ते छापील शब्दाने. लीगचे 'क्यूएसटी' हे मासिक 1915 च्या डिसेंबरपासून निघते, आणि यंत्रांची परीक्षा घेणारी प्रयोगशाळाही याच आवारात आहे.

छापलेल्या आकड्याची एवढी काळजी का, हे जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवरून ध्यानी येते. हीथकिटचा एसबी-220 घ्या. घरी जोडावयाच्या या यंत्रात सुमारे 3000 व्होल्टचा दाब असतो. तो 200 मायक्रोफॅरडचे आठ कंडेन्सर एकापुढे एक जोडून पेललेला. प्रत्येकावर 30 किलोओहमचा रेझिस्टर. यंत्र बंद केल्यावर साठलेली वीज या रेझिस्टरांतून ओसरते. दाब 50 व्होल्टवर येण्यास साधारण 25 सेकंद लागतात. तेव्हा 'अर्धा मिनिट थांबा' असे कोणी लिहिले, तर मूळ यंत्रापुरते ते खरे. परंतु उष्णता कमी व्हावी म्हणून दुरुस्तीत पुष्कळदा 100 किलोओहमचे रेझिस्टर बसवितात. मग तेच ओसरणे 80 सेकंदांवर जाते. अर्ध्या मिनिटाने आत हात घालणाऱ्यास तेथे अजून सहाशेहून अधिक व्होल्ट भेटतील! आणि एखादा रेझिस्टर आतून तुटलेला असला, तर त्याचा कंडेन्सर किती वेळ भरलेला राहील याचा भरवसा नाही. म्हणून जाणता लेखक सेकंद सांगून थांबत नाही. प्लग काढा, मीटरने दाब मोजा आणि मगच हात लावा, असे स्पष्ट बजावतो.

आपल्या पुस्तकांतील शुद्धिपत्र शेवटच्या पानावर निमूट पडून असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ते वाचणारा विरळाच. (मराठीत यंत्राचीही दुरुस्ती आणि मजकुराचीही दुरुस्तीच, हे किती बरे!) 'क्यूएसटी'त मात्र चुकलेला आकडा वा आकृतीतील उलटी जोडणी पुढील एखाद्या अंकात 'फीडबॅक' या मथळ्याखाली, मूळ लेखाचा महिना आणि पान देऊन सुधारली जात आली आहे. जुना अंक कपाटातून काढणाऱ्याने तेवढा कागद त्यात टाचून ठेवावा.